टॉलस्टॉय जिथे नापास झाला, तिथे मी शिकायला जाऊ का?

«ताई, मी लातूरची. बारावी मागच्या वर्षी झाली, त्यानंतर एक वर्ष नीट रिपीट केली. पात्र ठरले, पण सरकारी सीटपर्यंत मार्क पोचले नाहीत आणि इथल्या खासगी कॉलेजची फी आम्हाला झेपणारी नाही. काकांच्या ओळखीचा एक कन्सल्टन्सीवाला घरी येऊन गेला. रशियातल्या कझान फेडरल युनिव्हर्सिटीत एमबीबीएसला जा म्हणतो. ‘१८०४ सालची युनिव्हर्सिटी आहे, लेनिन आणि टॉलस्टॉय तिथेच शिकले, अजून काय पाहिजे?’ असं त्याने सांगितल्यापासून पप्पा भारावून गेलेत. दोन एकर काढायला निघालेत. येत्या आठवड्यात बुकिंगचे पैसे भरायचे आहेत. मला भीती वाटते ती वेगळीच. डॉक्टर व्हायचं हे माझं कधी ठरलं तेच आठवत नाही. मला केमिस्ट्री आवडते, त्यातही ऑरगॅनिक. क्लासमधले सर मला चिडवायचे, की तू नीट नाही, एमएस्सी दे. हा इतिहास खरा आहे का? आणि तिथे एमबीबीएस सोडून दुसरं काही शिकता येतं का?»
— रसायनप्रिया, लातूर

प्रिय रसायनप्रिया,

आधी इतिहासाचं पाहू, कारण सध्या तुमच्या घरी तोच विकला जातोय. कन्सल्टन्सीवाल्याने खोटं काही सांगितलं नाही. झार अलेक्झांडर पहिला याने नोव्हेंबर १८०४ मध्ये कझान विद्यापीठाची सनद मंजूर केली. टॉलस्टॉयने १८४४ मध्ये तिथे प्रवेश घेतला, लेनिनने १८८७ मध्ये. फक्त तो सोयीच्या ठिकाणी थांबला, पुढचं मी सांगते. टॉलस्टॉय पौर्वात्य भाषांच्या विभागात अरबी-तुर्की शिकायला गेला, पहिल्याच वर्षाच्या परीक्षेत गडगडला, मग कायद्याकडे वळला आणि १८४७ मध्ये पदवी न घेताच गावी परतला. लेनिन, म्हणजे तेव्हाचा सतरा वर्षांचा व्लादिमीर उल्यानोव, उन्हाळा संपताना कायदा शिकायला आला आणि विद्यार्थ्यांच्या निषेध सभेत सामील झाला म्हणून डिसेंबरात काढून टाकला गेला. लेखक मॅक्झिम गॉर्कीसुद्धा शिकायच्या आशेनेच कझानला आला होता, पण त्याला विद्यापीठाचं दारही उघडलं नाही. तो बेकरीत पीठ मळत राहिला. म्हणजे ज्या दोन नावांवर तुमच्या घरी जमीन विकायची चर्चा चाललीय, त्या दोघांपैकी एकाकडेही कझानची पदवी नव्हती. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर तरुण उल्यानोवचा पुतळा मात्र आहे. त्याच्या भोवतीच्या गोल चौकाला तिथली मुलं ‘तवा’ म्हणतात आणि बरं ऊन पडलं की तिथेच बसून असतात.

आता गंमत बघ. कन्सल्टन्सीवाल्याने जी नावं घ्यायला हवी होती ती घेतलीच नाहीत, आणि ती तुला पाठ आहेत. अल्कीनवर एचबीआर टाकला की हायड्रोजन कुठल्या कार्बनवर जातो? ज्यावर आधीच जास्त हायड्रोजन आहेत त्याच्यावर. मार्कोव्हनिकोव्हचा नियम. आणि हॅलोजन काढून अल्कीन बनवताना दुहेरी बंध कुठे पडतो? सायत्झेफचा नियम. हे दोघे कझानचे. दोघे एकाच गुरूचे शिष्य, आणि त्यांच्यात फारसं सख्य नव्हतं असंही वाचायला मिळतं.

त्यांचा गुरू म्हणजे बुत्लेरोव. रेणूमधल्या अणूंची जोडणी ठरलेली असते आणि त्या जोडणीवरच पदार्थाचे गुणधर्म अवलंबून असतात, हे त्याने १८६१ मध्ये जर्मनीत एका परिषदेत मांडलं. तू वहीत स्ट्रक्चर काढतेस, आयसोमर मोजतेस, त्याच्या मुळाशी जी मोजकी माणसं आहेत त्यांत हा एक. कझानचा तो काही वर्षं रेक्टरही होता, म्हणजे आपल्याकडे कुलगुरू म्हणतात तसा. त्याच्याही आधी तिथे झिनिन होता. त्याने १८४२ मध्ये नायट्रोबेंझीनपासून ॲनिलीन बनवलं. कृत्रिम रंगांचा पुढचा सगळा उद्योग ज्या पदार्थावर उभा राहिला तो हाच. त्याच वेळी क्लाउस नावाचा प्राध्यापक उरलमधल्या प्लॅटिनमच्या खनिजाचा उरलेला गाळ घेऊन बसला होता आणि त्यातून १८४४ मध्ये त्याने रुथेनियम वेगळं केलं. आवर्तसारणीत त्याचा क्रमांकही ४४, त्यामुळे तुला सनावळी लक्षात ठेवायला त्रास नाही. पदार्थ ओळखण्यासाठी त्यांची चव घेऊन बघायची क्लाउसची सवय मात्र तू घेऊ नकोस.

पुढे सायत्झेफच्या हाताखाली रिफॉर्मात्स्की शिकला. त्याच्या नावाची अभिक्रिया तुला एमएस्सीला भेटेल. आर्बुझोव शिकला, त्याच्या नावाची फॉस्फरसची अभिक्रिया आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोज होते. गाण्यात जसं घराणं असतं, गुरूचा गळा शिष्यात ऐकू येतो, तसं हे कझानचं रसायनघराणं आहे. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र संस्थेला आजही बुत्लेरोवचं नाव आहे आणि त्या जुन्या इमारतीत या घराण्याचं संग्रहालय केलंय.

गणितातलं नाव त्याहून मोठं. लोबाचेव्हस्की चौदाव्या वर्षी या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून आला आणि आयुष्यभर तिथेच राहिला. दिलेल्या रेषेबाहेरच्या एका बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते, हे युक्लिडचं गृहीतक बाजूला ठेवून त्याने वेगळी भूमिती उभी केली. १८२६ मध्ये ती सहकाऱ्यांसमोर वाचली, १८२९ पासून विद्यापीठाच्याच नियतकालिकात छापली. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १८२७ ते १८४६ अशी १९ वर्षं तो रेक्टर होता. १८३० मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा त्याने प्राध्यापक, विद्यार्थी आणि त्यांची कुटुंबं आवारात घेतली, दरवाजे लावून घेतले आणि बाहेरच्यांचं येणं-जाणं रोखलं. शहरात माणसं पटापट मरत असताना आवारातली जीवितहानी अगदी थोडी राहिली. आपण २०२० मध्ये जे शिकलो ते त्याने एकशेनव्वद वर्षं आधी करून दाखवलं होतं. आणि भौतिकशास्त्रात १९४४ मध्ये झावोइस्कीने इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स शोधला तोही इथेच, ऐन महायुद्धात.

हे सगळं लांबण लावून सांगितलं ते का, तर या इतिहासात तुझ्या पप्पांना विकली जाणारी गोष्ट कुठे आहे ते तू स्वतः शोधावंस म्हणून. रसायन आहे, गणित आहे, भौतिक आहे, पौर्वात्य भाषा आहेत. १८४० च्या दशकात तिथे संस्कृतही शिकवलं जात होतं. वैद्यकाचं काय?

वैद्यक होतं, चांगलंही होतं. १८१४ पासून वैद्यक विभाग चालू होता. मेंदू आणि मज्जासंस्थेवर काम करणारा बेख्तेरेव १८८५ पासून आठेक वर्षं तिथे प्राध्यापक होता. शरीररचना शिकवणाऱ्या लेसगाफ्टला १८७१ मध्ये सरकारने काढून टाकलं तेव्हा निषेध म्हणून ज्या प्राध्यापकांनी राजीनामे दिले त्यांत तुझा मार्कोव्हनिकोव्हही होता. पण १९३० मध्ये हा अख्खा वैद्यक विभाग विद्यापीठातून बाहेर काढून स्वतंत्र संस्था केली गेली. ती संस्था आज कझान स्टेट मेडिकल युनिव्हर्सिटी म्हणून चालते. म्हणजे टॉलस्टॉयच्या काळातला जो वैद्यक विभाग होता, त्याचा वारस कझान फेडरल नाही. तो त्याच शहरातलं दुसरं विद्यापीठ आहे. कझान फेडरलने वैद्यकीय शिक्षण पुन्हा सुरू केलं ते २०१० नंतरच्या दशकात, मूलभूत वैद्यक आणि जीवशास्त्राची संस्था काढून. आता त्यांचं स्वतःचं रुग्णालयही आहे. नवं म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. पण एजंट जर १८०४ सांगून एमबीबीएस विकत असेल, तर तो २०० वर्षांचं दूध दाखवून दहा-पंधरा वर्षांचं दही विकतोय.

नावांचा घोळ इथेच संपत नाही. त्या सोव्हिएत वर्षांत विद्यापीठातून आणि आसपास अनेक संस्था फुटून निघाल्या, त्यामुळे आज कझानमध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचं वेगळं विद्यापीठ आहे, विमानविद्येसाठी निघालेलं वेगळं आहे, वैद्यकीय वेगळं आहे. सगळ्यांच्या नावात कझान. ‘फेडरल’ हा दर्जा मात्र एकाचाच. २००६ नंतर रशियाने निवडक प्रांतांत मोठी विद्यापीठं उभी करायचं ठरवलं. आज अशी १० फेडरल विद्यापीठं आहेत. ऑक्टोबर २००९ च्या आदेशाने कझानला तो दर्जा मिळाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत शहरातलं अध्यापक विद्यापीठ, वित्त-अर्थशास्त्राची संस्था, येलाबुगाचं अध्यापक विद्यापीठ आणि नाबेरेझ्निये चेल्नीमधली अभियांत्रिकी अकादमी त्यात विलीन झाली. म्हणून ते एवढं अवाढव्य दिसतं. याचा तुझ्यासाठी व्यावहारिक अर्थ एकच: प्रवेशाच्या पत्रावर विद्यापीठाचं पूर्ण नाव, संस्थेचं नाव आणि शहराचं नाव वाच. येलाबुगा किंवा चेल्नी म्हणजे कझान शहर नव्हे, दोन्ही तिथून पूर्वेला बरंच लांब आहेत.

आता एमबीबीएसचं रोखठोक. समजा उद्या तू म्हणालीस की नाही ताई, मला डॉक्टरच व्हायचंय. तर मग प्रश्न कझान चांगलं की वाईट हा उरत नाही. भारतात परत येऊन तुला प्रॅक्टिस करू देतील का, हा उरतो. नॅशनल मेडिकल कमिशनचे (एनएमसी) नोव्हेंबर २०२१ चे नियम तुला लागू होतील. शिक्षण किमान ५४ महिन्यांचं हवं, पूर्ण इंग्रजी माध्यमातून हवं, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, तिथल्या नागरिकाला मिळतो तसा डॉक्टरकीचा परवाना तुलाही त्या देशात मिळण्याजोगा हवा, आणि सगळं १० वर्षांत संपायला हवं. मध्येच विद्यापीठ बदललंस तर पंचाईत. परत आल्यावर इथली परीक्षा आणि इथे पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. ती परीक्षा म्हणजे सध्याची एफएमजीई: ३०० प्रश्न, पास व्हायला १५० बरोबर. सोपं वाटतं ना? अलीकडच्या बहुतेक सत्रांत दहातले दोन-तीनच पास झालेत. ती घेणारं मंडळ संस्थावार निकालही प्रसिद्ध करत आलंय. एजंटच्या चकचकीत माहितीपत्रकापेक्षा तो तक्ता पप्पांना आधी दाखव.

इंग्रजी माध्यमाबद्दलही एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही. वर्गात प्राध्यापक इंग्रजीत शिकवतील. पण तिसऱ्या वर्षापासून वॉर्डात जायचं, आणि खाटेवरची आजी रशियन बोलेल, कदाचित तातारही, कारण कझान ही तातारस्तानची राजधानी. पोटात कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय हे तिला तिच्या भाषेत विचारता आलं नाही, तर तू सहा वर्षं रुग्णालयात पाहुणी म्हणून फिरशील. जी मुलं पहिल्या दोन वर्षांत भाषा गंभीरपणे शिकतात त्यांचं क्लिनिकल ज्ञान पक्कं होतं. बाकीची मोबाईलवर इथल्या कोचिंगची व्याख्यानं बघत एफएमजीईची तयारी करतात. तेच करायचं असेल तर लातूर काय वाईट आहे?

एजंटला विचारायचे प्रश्न मग फार नाहीत, पण उत्तरं तोंडी घेऊ नका. सहाव्या वर्षातलं रुग्णालयातलं काम हीच १२ महिन्यांची इंटर्नशिप धरायची की ती वेगळी होते, हे विद्यापीठाच्या लेटरहेडवर लिहून आणा म्हणावं. बुकिंगचे पैसे कोणाच्या खात्यात जाणार, विद्यापीठाच्या की कन्सल्टन्सीच्या? प्रवेश नाकारला किंवा व्हिसा नाही मिळाला तर किती परत? ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ असा शिक्का असलेलं पत्रक दाखवलं, तर कमिशनने परदेशी कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी कुठे दिलीय ते दाखव म्हण. अशी यादी कमिशन देत नाही. नियम देतं, आणि ते पाळले गेले की नाही याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकतं. घाई नको. नीटचा निकाल परदेशी प्रवेशासाठी ३ वर्षं चालतो, त्यामुळे ‘या आठवड्यात नाही तर कधीच नाही’ हे फक्त त्याच्या टार्गेटचं आहे.

आणि आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, जो मला खरा प्रश्न वाटतो.

होय, तिथे रसायनशास्त्र शिकता येतं. रशियन पद्धतीत बॅचलर ४ वर्षांचं, मास्टर्स २ वर्षांचं, आणि काही विषयांत थेट ५ वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम असतो. त्यापुढे पीएचडीसाठी आस्पिरांतुरा. बॅचलरच्या पातळीवर विज्ञान बहुतांशी रशियनमधूनच शिकवतात. म्हणून परदेशी विद्यार्थी आधी एक पूर्ण वर्ष तयारी विभागात घालवतात: भाषा, आणि त्या भाषेत थोडं गणित-रसायन. ते वर्ष धरून बॅचलरची पाच वर्षं होतात. लांब वाटतं, पण त्यातून बाहेर पडणारी मुलगी रशियन वाचू शकते, आणि रसायनशास्त्रातलं रशियन साहित्य अफाट आहे.

पैशांचाही मार्ग आहे. रशियन सरकार दरवर्षी भारतीय विद्यार्थ्यांसाठी सरकारी कोट्यातल्या जागा ठेवतं. मुंबईत पेडर रोडवरचं रशियन हाऊस त्याचं काम बघतं. अर्ज ऑनलाइन, साधारण शरद ऋतूत पुढच्या वर्षासाठी. ट्यूशन फी माफ, छोटी मासिक शिष्यवृत्ती, होस्टेल सवलतीत. विमान, विमा आणि थंडीचे कपडे तुझे. शिष्यवृत्ती एवढी थोडी असते की महिन्याचा खर्च त्यावर भागेल असं समजू नकोस, पण दोन एकर विकायची वेळ येत नाही. या कोट्यात एजंटला द्यायचं काहीच नसतं, म्हणूनच तो त्याचं नाव घेत नाही.

कोर्स निवडताना भारतात पुढे काय करायचंय ते आधी ठरव. इथे एमएस्सी किंवा पीएचडीला अर्ज करायचा तर परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असं समकक्षता प्रमाणपत्र लागतं. तू निवडलेल्या कोर्सला ते मिळतं का, हे जाण्याआधी विचार.

बाकी विषय थोडक्यात, कारण तुला त्यांत रस दिसत नाही. भूविज्ञान आणि पेट्रोलियम तिथे जोरात आहे. तातारस्तानातलं रोमाश्किनो हे रशियातल्या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्रांपैकी एक. खगोलशास्त्र जुनं आहे आणि विद्यापीठाच्या दोन वेधशाळा, एक शहरातली आणि एक बाहेरची एंगेलहार्ट, २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. संगणक, भाषाशास्त्र, कायदा, व्यवस्थापन सगळं आहे. भाषाशास्त्रात तर एकेकाळी बोदुएन द कुर्तेने तिथे होता. ध्वनिम म्हणजे फोनीमची आजची कल्पना ज्यांच्याकडून आली त्यांत तो एक प्रमुख. तुझ्या एखाद्या मैत्रिणीला भाषांचं वेड असेल तर तिला सांग.

मला विचारशील तर मी तुला लगेच कझानला पाठवणार नाही, रसायनशास्त्रासाठीसुद्धा. एक तर बॅचलर तू इथेच चांगलं करू शकतेस. तुझं पीसीबी आहे, गणित नाही असं गृहीत धरते. तरी पुण्याच्या आयसरची, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थेची, आयएटी परीक्षा तुला देता येते आणि नेस्टही, जिच्यातून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिन्याचं बेसिक सायन्सेसचं केंद्र मिळतं. दोन्हींत बारावी कधी पास झालीस याची अट असते, ती नीट वाच, कारण तुझं एक वर्ष गेलंय. आयएटीत गणिताचे प्रश्न असतात, अकरावी-बारावीचं गणित तुला स्वतः बसून करावं लागेल; ऑरगॅनिक आवडणाऱ्याला ते जमतं. मुंबईचं आयसीटी, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था, मला फार आवडतं, पण बीटेकला गणित लागतं, त्यामुळे ते सध्या बाजूला ठेव. हे काहीच जमलं नाही तर लातूरमध्येच बीएस्सी केमिस्ट्री, आणि मग जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सी. रसायनशास्त्राच्या संशोधनात पडलेल्या मराठी मुलांपैकी कितीतरी याच साध्या रस्त्याने गेलेत. त्यानंतर मास्टर्स किंवा पीएचडीसाठी कझान हा मस्त पर्याय होईल. तेव्हा तू बावीस-चोवीस वर्षांची असशील, विषय माहीत असेल, कोणत्या प्रयोगशाळेत काय चालतं हे तू त्यांचे पेपर वाचून ठरवशील, आणि भाषा इथेच दोन-तीन वर्षं शिकून जाशील. मुंबईत रशियन हाऊसमध्ये आणि पुण्यात विद्यापीठात रशियन शिकवतात.

दुसरं कारण काळाचं. रशियाचं युक्रेनशी युद्ध चालू आहे. २१ डिसेंबर २०२४ ला कझानमधल्या उंच निवासी इमारतींवर ड्रोन येऊन आदळले; येलाबुगाच्या परिसरात त्याच्याही आधी, एप्रिल २०२४ मध्ये. रोजचं जगणं सुरळीत चालतं, ब्रिक्सची परिषदही ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथेच झाली, पण घरच्यांनी हे माहीत असून निर्णय घ्यावा. मार्च २०२२ पासून व्हिसा-मास्टरकार्डची आपल्याकडची कार्डं तिथे चालत नाहीत; पैसे कसे पोचवायचे हे तिथल्या मुलांना विचारून आधी ठरवावं लागतं. नोकरी किंवा ‘हेल्पर’च्या नावाखाली काही भारतीय तरुणांना रशियन सैन्यात ओढल्याची प्रकरणं घडली आहेत आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार इशारे दिलेत. तुझ्या कोणी चुलतभावाला ‘विद्यार्थी व्हिसावर जा, मग तिथे पार्टटाइम बघू’ असं कोणी सांगत असेल, तर रशियन भाषेतल्या कुठल्याही करारावर सही करायची नाही हे त्याच्या डोक्यात घाल.

थंडीचं विचारलं नाहीस, पण आजी विचारेल. जानेवारीत उणे १० नेहमीचं, उणे २५ अधूनमधून. इमारतींच्या आत मात्र हीटर एवढे चालतात की मुलं टी-शर्टवर बसतात. लातूरच्या मे महिन्यात जगलेली मुलगी तिथे मरत नाही. आपल्या आणि त्यांच्या घड्याळात अडीच तासांचं अंतर, त्यामुळे रोज बोलणं सोपं.

राहिले पप्पा. त्यांना तुझ्या केमिस्ट्रीबद्दल काही माहीत नाही, हे तुझ्या पत्रात ओळींच्या मधे दिसतंय. दोन वर्षं घरात फक्त नीट हाच शब्द असल्यावर त्यांना कसं माहीत असणार? त्यांना डॉक्टर मुलगी हवी आहे, आणि डॉक्टर मुलगी हवी असण्यात काही चूक नाही. काकांसमोर हा विषय काढू नकोस, तिथे ती इज्जतीची गोष्ट होऊन बसते. आईला आधी सांग. मग पप्पांना एकटं गाठून तीन गोष्टी समोर ठेव: एफएमजीईचा संस्थावार तक्ता, १९३० मध्ये वैद्यक वेगळं झाल्याची ही हकीकत, आणि आयसरची माहिती. ‘मला डॉक्टर व्हायचं नाही’ हे वाक्य पहिल्याच दिवशी टाकायची गरज नाही. ‘बुकिंग एक महिना पुढे ढकलू’ एवढंच माग. जमीन एकदा गेली की परत येत नाही, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे.

आणि जर तो महिना संपल्यावरही तुला वाटलं की नाही, मला डॉक्टरच व्हायचंय, तर मला तसं लिही. मग आपण कझान फेडरल, त्याच शहरातलं मेडिकल विद्यापीठ आणि इथल्या बीएएमएस, बीडीएस, नर्सिंगच्या कॅप राउंडमधल्या शक्यता एकत्र मांडून बघू. त्या पत्रात तुझे नीटचे मार्क, कॅटेगरी आणि बारावीचं वर्ष न विसरता लिही. या पत्रात ते नाहीत.

— ताई